वासरू अधू का जन्मते? एका शोधाची हकिगत



गाय नऊ महिने नऊ दिवस सांभाळली. वैरण-पेंड कमी पडू दिली नाही. गाभणपणात ती एक दिवस लंगडली नाही की एक वेळ चारा सोडला नाही. पण विताना वासरू अडले, चार माणसे लागली. बाहेर आले ते चारी पाय आखडलेले, मान एका अंगाला वळलेली. किंवा दिसायला चांगले भरलेले, पण उभे राहीना, आचळ शोधीना, कंदिलाच्या उजेडाकडे बघेना.

मग गोठ्यापुढे माणसे जमतात. कुणी म्हणतो, गाईला ग्रहण बाधले. कुणी म्हणतो, रेतन करणाऱ्याने कांडी खराब भरली. कुणी वळूला बोल लावतो, कुणी शेजाऱ्याच्या नजरेला. कधी तर घरातल्या सुनेच्या पायगुणावर गोष्ट जाते. आणि आठ-पंधरा दिवसांत त्या चांगल्या दुधाच्या गाईला बाजार दाखवला जातो.

हाच प्रश्न जपान आणि ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यांनाही पडला होता. त्याचे उत्तर मिळायला बरीच वर्षे गेली. ते कसे मिळाले, ही हकिगत आज सांगायची आहे. वाचताना एक गोष्ट मनात धरा. अशा पुष्कळ वासरांवरचा घाला जन्माच्या दिवशी पडलेला नसतो. तो चार-सहा महिने आधी, पोटात असतानाच पडून गेलेला असतो. म्हणून तर दोष भलत्याच्या माथी बसतो.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आयांना विचारले

हकिगतीची सुरुवात माणसांच्या दवाखान्यात होते. १९४१ साली ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात नॉर्मन ग्रेग नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली तान्ही बाळे एकामागून एक येऊ लागली. तोवर डॉक्टरमंडळींची समजूत अशी, की जन्मजात व्यंग म्हणजे आईबापांच्या रक्तातून आलेला दोष. ग्रेग यांना हे पटेना. इतक्या वेगवेगळ्या घरांत एकाच वर्षी एकच दोष कसा उपजला?

त्यांनी आयांकडे चौकशी केली. आपली आणि सहकाऱ्यांची मिळून ७८ बाळे त्यांनी मोजली. त्यांपैकी ६८ बाळांच्या आयांना गरोदरपणात रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, येऊन गेला होता. बहुतेकींना तो सुरुवातीच्या दिवसांतच आला होता. आईला दोन दिवस बारीक ताप, अंगावर थोडे पुरळ, आणि ती बरी. पण पोटातल्या बाळाचे डोळे त्याच दिवसांत घडत होते. ते घडायचे राहून गेले.

आईला ज्याचा त्रासही फारसा होत नाही, असा बारीक विषाणू पोटातल्या जिवाचे आयुष्यभराचे नुकसान करतो, हे त्या वेळी प्रथम लोकांपुढे आले. जनावरांच्या डॉक्टरांना पुढे याच धाग्याचा उपयोग झाला.

अकाबाने गावचा डास

ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यांना अशी वासरे ठाऊक होती. वेड्यावाकड्या पायांच्या वासराला ते ‘कुरळे वासरू’ म्हणत, आणि जे नुसतेच ठोंब्यासारखे पडून राही, त्याला ‘बाहुले’. १९५६ साली डी. सी. ब्लड या पशुवैद्यकाने या वासरांचे वर्णन छापले. सांधे आखडलेले, आणि कवटी फोडून पाहावी तर मोठ्या मेंदूच्या जागी पाण्याने भरलेली पिशवी. वर्णन पक्के झाले, पण कारण हाती लागले नाही.

तिकडे जपानात १९५९ साली गुन्मा प्रांतातल्या अकाबाने नावाच्या गावी शास्त्रज्ञांनी डास पकडले. त्या डासांत एक नवा विषाणू मिळाला. रीतीप्रमाणे त्याला गावाचे नाव दिले, १९६१ साली त्याची माहिती छापली. हा विषाणू कुठला रोग करतो, हे मात्र कुणालाच सांगता येईना. जन्माची नोंद झाली, पण गुन्ह्याचा पत्ता नाही.

मग १९७२ साल उजाडले. उन्हाळा सरता सरता जपानात गाई गाभडू लागल्या. काहींना मेलेली वासरे झाली, काही दिवस भरण्याआधी व्याल्या. थंडीत पाय आखडलेली वासरे जन्मू लागली, आणि थंडी सरताना आंधळी, खुळी, मेंदूच्या जागी पाणी असलेली. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षी तेच. १९७२ ते १९७५ या काळात जपानात अशा बिघडलेल्या वेतांची संख्या सुमारे ४२,००० झाली. बेचाळीस हजार! एक वेत म्हणजे शेतकऱ्याचे वर्ष, हे तुम्हाला सांगायला नको.

चोर गेला, ठसे राहिले

आता अडचण बघा. शास्त्रज्ञ वासराचे रक्त तपासत, मेंदू तपासत, आणि विषाणू काही सापडत नसे. सापडणार कसा? वासराने तो पोटात असतानाच कधीचा मारून टाकलेला. घर लुटून चोर महिन्यांपूर्वी निघून गेला, आणि पोलीस आज दार ठोठावतात, अशी गत.

पण ठसे राहतात. अंगात रोग येऊन गेला, की रक्तात त्या रोगाशी झुंजणारी द्रव्ये तयार होतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. कोणत्या रोगाची प्रतिपिंडे आहेत, यावरून कोणता रोग येऊन गेला ते कळते.

इथे गाईच्या जातीची एक खास गोष्ट उपयोगी पडली. बाईच्या पोटातल्या बाळाला आईची प्रतिपिंडे वारेतून मिळतात. गाईच्या वारेतून ती वासराला मिळत नाहीत. वासराला ती मिळतात चिकातून. म्हणून तर चीक वेळेवर पाजा, असे आम्ही ऊर फुटेपर्यंत सांगत असतो. आता विचार करा. एखाद्या वासराचे रक्त चीक पाजण्याच्या आधी काढले, आणि त्यात प्रतिपिंडे मिळाली, तर ती आईची नव्हेत. ती त्या वासरानेच पोटात असताना बनवलेली. म्हणजेच विषाणू त्याच्यापर्यंत पोटात पोहोचला होता.

जपानी शास्त्रज्ञांनी हेच केले. चीक न प्यालेल्या अधू वासरांचे रक्त घेतले, आणि ओळखीच्या विषाणूंशी ताडून पाहिले. जुळला तो अकाबाने! १९५९ साली डासात सापडलेला, कुणाच्या खिजगणतीत नसलेला विषाणू. १९७५ साली यूजी इनाबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही हकिगत सविस्तर छापली. पुढे गाभडलेल्या गर्भातून प्रत्यक्ष विषाणूही मिळाला. गाभण जनावरांना तो टोचून पाहिला, तेव्हा पोटातल्या पिलांत तीच व्यंगे उमटली. मग शंकेला जागा उरली नाही.

ऑस्ट्रेलियातही १९७४ साली न्यू साउथ वेल्स भागात अशी वासरे जन्मली, आणि त्यांच्या रक्तातही हाच ठसा मिळाला. तिथे हा विषाणू १९६८ सालीच चिलटांत सापडून ठेवलेला होता. डासाहून कितीतरी बारीक, जेमतेम मोहरीच्या दाण्याएवढे ते चिलट. शास्त्रज्ञ त्याला क्युलिकॉइड्स म्हणतात. विषाणूचे खरे वाहन तेच निघाले. त्याची ऑस्ट्रेलियातली मुख्य जात गाईच्या ताज्या शेणात वाढते. जपानातली जात भातखाचरासारख्या ओल्या चिखलात.

दिवसांचा हिशेब

या शोधातून शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट निघाली, ती अशी. व्यंग कोणते, यावरून लागण केव्हा झाली ते सांगता येते.

गाईचे गाभणपण सुमारे २८० दिवसांचे. चिलट चावून गाईला लागण झाली ती ७६ ते १०४ दिवसांच्या दरम्यान, तर गर्भाचा मोठा मेंदू नासतो. तिथे पाणी साठते, आणि वासरू आंधळे, खुळे जन्मते. लागण १०३ ते १७४ दिवसांच्या दरम्यान झाली, तर स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी मरतात. हुकूम नाही म्हणून पाय हलत नाहीत, आणि हलत नाहीत म्हणून सांधे जागच्या जागी आखडतात. न उघडलेल्या दाराची बिजागरी गंजावी, तसे. त्यानंतर लागण झाली, तर गर्भ बहुधा स्वतःच झुंज देतो.

आता हा हिशेब मागे मोजा. समजा, जानेवारीच्या मध्यावर आखडलेल्या पायांचे वासरू झाले. लागण झाली असेल ती जुलैची अखेर ते सप्टेंबरची अखेर या काळात. समजा, मार्चच्या मध्यावर आंधळे, खुळे वासरू झाले. लागण ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. म्हणजे ऐन पावसाचे दिवस, जेव्हा चिखल आणि चिलटे मायंदाळ. त्या दिवसांत गाय तुमच्यापुढे मजेत चरत होती. तिला ताप आला नाही, दूध घटले नाही. तुम्ही काय, डॉक्टरांनीही तिच्याकडे बघून काही ओळखले नसते.

आणि ग्रहण? वेत बिघडले की मागचे एखादे ग्रहण आठवतेच. पण त्याच ग्रहणात गावातल्या बाकीच्या गाभण गाईही होत्या ना? त्यांची वासरे धडधाकट कशी?

याच वाटेचे आणखी काही

अकाबाने एकटा नव्हे.

१९५०च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात मेंढ्यांना ब्लूटंग, म्हणजे निळी जीभ, या रोगाची जिवंत लस टोचली. गाभण मेंढ्यांनाही टोचली. लसीतला विषाणू कमजोर केलेला होता, मेंढ्यांना काही झाले नाही, पण त्यांची कोकरे खुळी जन्मली. म्हणून गाभण जनावराला कोणतीही लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. लस टोचायला माणूस आला, की गाय किती महिन्यांची गाभण आहे, हे त्याने विचारायच्या आधी तुम्हीच सांगा.

दुसरा आहे गाईंच्या हगवणीचा विषाणू, बी.व्ही.डी. हा रोग १९४६ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात प्रथम ओळखला गेला. याला चिलट लागत नाही, एका जनावराकडून दुसऱ्याला होतो. गाभणपणाच्या मधल्या काळात लागला, तर वासराचा लहान मेंदू खुरटतो. वासरू पाय फाकून उभे राहते, झोकांड्या खाते, डोके थरथरते. पहिल्या चार महिन्यांत लागला, तर आणखी कठीण. वासरू कधी धडधाकट दिसते, पण विषाणू त्याच्या अंगात जन्मभर राहतो, आणि लाळ-शेणातून ते गोठाभर रोग वाटत फिरते. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क या देशांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून अशी जनावरे रक्त तपासून कळपातून काढली आणि रोग हटवला. बी.व्ही.डी. आपल्या देशातल्या गाई-म्हशींतही आढळला आहे.

तिसरी गोष्ट अगदी अलीकडची. २०११ साली जर्मनीत श्माल्लेनबर्ग गावाच्या परिसरात गाईंना ताप आला, हगवण लागली, दूध एकदम घटले. शेतकऱ्यांनी डॉक्टरांना कळवले, रक्ताचे नमुने गेले, आणि नोव्हेंबरपर्यंत नवा विषाणू ओळखला गेला. तो अकाबानेचाच भाऊबंद. डिसेंबरपासून हॉलंड-जर्मनीत वाकडी कोकरे जन्मू लागली, आणि त्यामागून वासरे. पण या वेळी कारण आधीच हाती होते. अकाबाने सापडल्यापासून त्याचा गुन्हा कळेपर्यंत सोळा वर्षे गेली होती. इथे काम काही आठवड्यांत झाले. नवी यंत्रे होती हे खरे, पण यंत्रात घालायला नमुना लागतो, आणि तो शेतकऱ्याच्या गोठ्यातूनच येतो.

आपल्या मुलखाशी नाते

हे सगळे परदेशातले, आपल्याला काय त्याचे, असे म्हणू नका. आपल्या पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र निघाले. तेच आजचे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थान. देशभरातले डास पकडून त्यांतले विषाणू ओळखायचे काम तिथे चाले. १९५०च्या दशकात भारतातल्या डासांत ‘कसबा’ नावाचा विषाणू मिळाला. तो काय करतो, हे तेव्हा ठाऊक नव्हते. १९८५-८६ साली जपानच्या दक्षिण टोकाला कागोशिमा भागात पुन्हा अधू वासरे जन्मली, आणि त्यांच्यामागे ‘चुझान’ नावाचा विषाणू मिळाला. पुढे ताडून पाहिले तेव्हा कळले, की चुझान आणि आपला कसबा एकच.

आंध्र प्रदेशातल्या कैकलूर भागातल्या डासांत १९७०च्या दशकात पुण्याच्या शास्त्रज्ञांना आणखी एक विषाणू मिळाला. त्याचे जवळचे नाते जपानच्या ‘ऐनो’ या विषाणूशी आहे, आणि ऐनोनेही जपानात वासरे अधू केली आहेत. निळ्या जिभेचा रोग तर १९६४ सालीच महाराष्ट्रातल्या शेळ्या-मेंढ्यांत नोंदला गेला. म्हणजे चिलटे आपल्याकडे आहेत, पावसाळा आहे, आणि या कुळीचे विषाणूही आहेत. तेव्हा अधू वासरू जन्मले, तर त्याला नशीब म्हणून उकिरड्यात पुरून मोकळे होण्यापेक्षा त्याची तपासणी झालेली बरी.

तुम्ही काय करायचे?

१) वही ठेवा. रेतन केल्याची तारीख, वळूचा नंबर, वेताची तारीख, एवढे तीन रकाने पुरे. ही वही नसेल, तर वरचा दिवसांचा हिशेब कुणालाच करता येणार नाही.

२) वासरू अडले, तर दोर लावून चार जणांनी ओढू नका. आखडलेल्या पायांचे वासरू सरळ येत नाही. ओढाओढीत गाईचे गर्भाशय फाटते, आणि वासराबरोबर गायही जाते. ताबडतोब डॉक्टरांना बोलवा. पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा.

३) अधू वासरू जिवंत असेल आणि डॉक्टर जवळ असतील, तर चीक पाजण्याआधी रक्त काढून घ्यायला सांगा. वासरू मेलेले असेल, तर पुरण्याआधी कळवा. पण चांगल्या वासराचा चीक कशासाठीही अडवू नका. तासा-दोन तासांत तो पोटात गेलाच पाहिजे.

४) गाभडलेला गर्भ, वार, मेलेले वासरू उघड्या हाताने धरू नका. गाभडण्यामागे सांसर्गिक गर्भपाताचा रोग, म्हणजे ब्रुसेल्ला, असू शकतो, आणि तो माणसाला होतो. हातमोजे घाला. तपासणीनंतर खोल खड्डा घेऊन चुन्यासह पुरा. कुत्र्यांना मिळू देऊ नका.

५) दोष ठरवण्याआधी गावात चौकशी करा. एकाच हंगामात, वेगवेगळ्या वळूंपासून, दोन-चार गोठ्यांत अधू वासरे झाली असतील, तर वळूला बोल लावण्यात अर्थ नाही, विषाणूची शंका घ्या. उलट एकाच वळूची वासरे वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या हंगामात तशीच होत असतील, तर आनुवंशिक दोषाची शंका घ्या, आणि वळूचा नंबर कळवा. काही व्यंगे विषारी वनस्पतींमुळे किंवा जीवनसत्त्वांच्या अभावानेही होतात. म्हणून शेवटचा निकाल तपासणीचा.

६) पावसाळ्यात शेण गोठ्यापासून दूर टाका, मूत आणि पाणी तुंबू देऊ नका. चिलटे दिवस मावळताना आणि पहाटे जास्त चावतात. तेव्हा गाभण जनावर डबक्याकाठी किंवा खाचराकाठी बांधू नका. साध्या मच्छरदाणीतून चिलट आत येते, जाळी त्याहून बारीक लागते. औषध फवारायचे, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. एवढे करून चिलटांचा बंदोबस्त पुरता होतो असे नाही, पण चावे कमी होतात.

७) घाईने गाय विकू नका. अकाबानेसारख्या रोगात एकदा लागण झालेल्या गाईच्या अंगी त्या रोगाशी झुंजायची ताकद येते. पुढच्या वेतात त्याच विषाणूने वासरू बिघडण्याची भीती फारशी राहत नाही. मात्र बी.व्ही.डी.ची शंका असेल, तर गोठ्यातल्या सर्वच जनावरांचे रक्त तपासून घ्या, आणि तोवर नवे जनावर आणू नका, आपले दुसऱ्याला देऊ नका.

मंडळी, सिडनीच्या डॉक्टरांनी आयांना विचारले, “त्या दिवसांत काय झाले होते?” जपानच्या शास्त्रज्ञांनी हाच प्रश्न वासराच्या रक्ताला विचारला. दोघांना उत्तर मिळाले, कारण त्यांनी मागचे दिवस मोजले. आपल्या गोठ्यातही असे काही घडले, तर कुणाच्या पायगुणाकडे बोट दाखवण्याआधी वही काढा, दिवस मोजा आणि दवाखान्यात कळवा. गाय वाचेल, घरातले भांडण वाचेल, आणि गावातल्या पुढच्या वेतांची काळजी वेळेवर घेता येईल.